काटा निघाल्यानंतरची गोष्ट : ‘संगीत देवबाभळी’

तुकोबांच्या चरित्रपरंपरेत एक लहानशी आख्यायिका आहे. डोंगरावर नामस्मरणात बुडालेल्या नवऱ्यासाठी भाकरी घेऊन निघालेल्या आवलीच्या पायात वाटेवर बाभळीचा काटा खोलवर रुततो, ती वेदनेने कोसळते, आणि ज्या विठ्ठलाला ती उठताबसता शिव्या घालते तोच येऊन तिचा पाय हाती घेतो व काटा काढतो. कीर्तनात ही गोष्ट येथे संपते, कारण देव भक्ताच्या बायकोच्याही पायाशी बसतो हे कीर्तनकाराला जे सांगायचे असते ते येथवर सांगून झालेले असते. प्राजक्त देशमुख यांचे ‘संगीत देवबाभळी’ हे नाटक नेमके येथून सुरू होते. काटा निघाला तरी जखम उरली आहे. घरात लेकरे आहेत, चूल आहे, पोटात आणखी एक जीव वाढतो आहे आणि नवरा डोंगरावर आहे. अशा बाईचे पुढचे दिवस कोणी काढले, हा प्रश्न इतक्या शतकांत कोणी विचारला असेल असे मला वाटत नाही, आणि तो विचारणे हेच या नाटककाराचे पहिले आणि सर्वांत मोठे कर्तृत्व आहे.

देशमुखांचे उत्तर असे, की विठ्ठल रुक्मिणीला देहूला पाठवतो. आवलीच्या पायाची जखम भरेपर्यंत तिच्या घरी राहून तिला हातभार लावावा, असे तिला सांगितले जाते, आणि ती लखुबाई या नावाने एक साधी बाई होऊन त्या घरात येते. पुढे दोन अंकभर रंगमंचावर याच दोघी असतात. तुकोबा येत नाहीत, विठ्ठल येत नाही. ज्यांच्याभोवती या दोघींचे आयुष्य फिरते ते दोन्ही पुरुष विंगेपलीकडे राहतात आणि त्यांच्याविषयीचे सर्व बोलणे बायकांच्या तोंडून, घरातल्या कामांच्या मधून, आपल्यापर्यंत पोहोचते.

हे नाटक आधी एकांकिका होते. २०१७च्या अखेरीस ते पूर्ण लांबीच्या संगीत नाटकाच्या रूपात व्यावसायिक रंगभूमीवर आले आणि त्याची निर्मिती भद्रकाली प्रॉडक्शन्सने केली. मच्छिंद्र कांबळी यांनी मालवणी बोलीतली नाटके गावोगाव नेऊन जी संस्था घराघरांत पोहोचवली, त्या संस्थेने, त्यांच्या मागे, दोन पात्रांच्या आणि विनोदाचा आधार न घेणाऱ्या या नाटकावर विश्वास टाकावा, याची नोंद आवर्जून करायला हवी. व्यावसायिक रंगभूमीवर शनिवार-रविवारच्या तारखा मिळवणे, दौरे लावणे आणि तिकीटबारी सांभाळणे या गोष्टी किती बेभरवशाच्या असतात हे ज्यांनी जवळून पाहिले आहे, त्यांना या निर्णयाचे वजन लगेच कळेल. लेखन आणि दिग्दर्शन देशमुखांचे, संगीत आनंद ओक यांचे, नेपथ्य प्रदीप मुळ्ये यांचे, प्रकाशयोजना प्रफुल्ल दीक्षित यांची. आवलीची भूमिका शुभांगी सदावर्ते यांनी आणि लखुबाईची मानसी जोशी यांनी केली. २०२०चा साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मराठीसाठी याच नाटकाच्या संहितेला देण्यात आला. पस्तिशीपर्यंतच्या लेखकांसाठी असलेला, पन्नास हजार रुपये आणि ताम्रपट असे स्वरूप असलेला हा पुरस्कार एका नाटकाला मिळावा, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. नाटक हे वाचण्याचे साहित्य आहे हे आपल्याकडे अजूनही पुन्हा पुन्हा सिद्ध करावे लागते. अकादमीचा मुख्य पुरस्कार २००२ साली महेश एलकुंचवारांच्या ‘युगान्त’ या नाट्यत्रयीला मिळाला होता, तर जयंत पवारांसारख्या खंद्या नाटककाराला तो २०१२ साली मिळाला तेव्हा तो त्यांच्या कथासंग्रहासाठी होता.

नाटकात दोघींना समोरासमोर आणण्याची कल्पना केवळ चमत्कृतीसाठी सुचलेली नाही, हे कळण्यासाठी रुक्मिणीची बाजू माहीत असायला हवी. पंढरपूरच्या स्थलपुराणाप्रमाणे द्वारकेत कृष्णाच्या मांडीवर राधेला बसलेली पाहून रुक्मिणी रुसली आणि दिंडीरवनात येऊन राहिली. तिला शोधत देव या बाजूला आला, पुंडलिकाच्या दारी पोहोचला आणि त्याने फेकलेल्या विटेवर उभा राहिला तो कायमचाच. बायकोची समजूत काढण्यासाठी निघालेला देव भक्ताच्या शब्दाखातर वाटेतच थांबला, आणि रुसलेली बायको रुसलेलीच राहिली. पंढरपुरात आजही रुक्मिणीचे मंदिर वेगळे आहे, विठ्ठलाच्या शेजारी तिची मूर्ती नाही, आणि चंद्रभागेच्या काठी लखुबाईचे देऊळ आहे. पंढरीला वर्षानुवर्षे जाणारे वारकरीसुद्धा ‘हे असेच आहे’ म्हणून पुढे जातात. देशमुखांनी त्या दोन देवळांमधल्या अंतराला नाटकाचा विषय केला. नवरा अठ्ठावीस युगे दुसऱ्यांसाठी उभा आहे, ही रुक्मिणीची तक्रार. नवरा त्या उभ्या असलेल्याच्या नादी लागून घर विसरला, ही आवलीची. आवली ज्याला ‘काळ्या’ म्हणून रागे भरते तो समोर बसून तिचे ऐकणाऱ्या बाईचा नवरा आहे, हे प्रेक्षकाला ठाऊक असते आणि आवलीला नसते. एवढ्याशा भांडवलावर दोन अंक उभे राहतात. लखुबाईच्या चेहऱ्यावर ऐकता ऐकता जे बदल होतात, त्यांत कधी लाज असते, कधी राग, आणि कधी, मला वाटले, एक प्रकारचा आनंदही असतो, कारण जे आपल्याला कधी बोलता आले नाही ते ही देहूची बाई इतक्या मोकळेपणाने बोलते आहे.

येथे एक गोष्ट मनात राहून गेली, ती सांगतो. जनाबाईच्या कथांमध्ये विठ्ठल स्वतः दळायला बसतो, कांडतो, गोवऱ्या वेचतो. देवाने बाईच्या कामात हात घालण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. या नाटकात मात्र काटा काढण्याचे क्षणभराचे काम देव करतो आणि रोजच्या शुश्रूषेचे, दिवसांमागून दिवस चालणारे काम बायकोकडे सोपवतो. ज्याने दुखणे एका क्षणात दूर केले त्याचे नाव आख्यायिकेत राहिले. ज्या बाईने, या कल्पनेप्रमाणे, जखम भरेपर्यंत भांडी घासली, पाणी भरले आणि लेकरे सांभाळली तिचे नाव कोणी घेतले नाही. नाटककार हे कोठेही ठासून म्हणत नाही. तो फक्त लखुबाईला कामाला लावतो आणि आपल्याला पाहायला लावतो. विचार सांगण्याऐवजी तो हातांच्या हालचालींत ठेवणे हे रंगभूमीचे खरे बळ आहे, आणि दिग्दर्शक म्हणून देशमुखांना त्या बळाची पक्की जाण आहे.

आवलीविषयी आपल्या मनात जी प्रतिमा आहे ती मुख्यतः कजाग बायकोची. महिपतींच्या संतचरित्रांनी ती घडवली आणि १९३६च्या ‘संत तुकाराम’ या प्रभातच्या चित्रपटात गौरी यांनी जिजाईच्या, म्हणजे आवलीच्याच, भूमिकेत तिला हाडामांसाचे, प्रेमळ आणि विसरता न येणारे रूप दिले. त्या चित्रपटातली पायताण घेऊन देवळाकडे निघालेली जिजाई ज्यांनी पाहिली आहे त्यांना पुढची प्रत्येक आवली तिच्याशी ताडून पाहिल्याशिवाय राहवत नाही. मीही ताडून पाहिली. ‘देवबाभळी’तली आवली भांडकुदळ आहे, तोंडाळ आहे, पण तिच्या बोलण्यामागचा हिशेब पक्का आहे. इतिहासाकडे पाहिले तर हा हिशेब कोठून आला ते कळते. तुकोबांचे घराणे देहूच्या बाजारपेठेचे महाजन, सावकारी आणि दुकानदारी करणारे. आवली पुण्याच्या खात्यापित्या गुळवे घराण्यातली मुलगी. १६२९-३०च्या भीषण दुष्काळात तुकोबांची पहिली बायको रखमा अन्नान्न करीत गेली आणि मुलगाही गेला. त्यानंतर तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडवली. हा त्याग संतचरित्रात फार उजळून निघतो, परंतु घरात त्या कर्जखतांवर जे चार दाणे यायचे ते बंद झाले, आणि ते बंद झाल्याचे पहिले ओझे ज्या बाईवर पडले ती आवली. सवत भुकेने गेलेली तिने याच घरात पाहिली आहे. अशा बाईने देवावर दात-ओठ खाल्ले तर तो तिचा स्वभावदोष म्हणता येत नाही. देशमुखांची आवली रागावते तेव्हा तिच्या पाठीमागे हा सगळा दुष्काळ उभा असल्याचे जाणवत राहते.

आणि तरीही ती भाकरी घेऊन डोंगर चढते. तुकोबा जेवल्याशिवाय ती जेवत नाही. नाटक या विसंगतीला सोडवत नाही आणि सोडवायचा प्रयत्नही करत नाही, हे मला फार आवडले. आवलीची भक्ती कोणावर आहे, असे विचारले तर ती चटकन सांगेल की कोणावर नाही. पण तिने विठ्ठलाला जितक्या वेळा हाक मारली तितक्या वेळा देहूत तुकोबांखेरीज कोणी मारली नसेल. शिवी ही सुद्धा हाकच आहे, हे वारकरी संप्रदायाला नवे नाही, कारण खुद्द तुकोबांनी देवाशी कडकडून भांडण केले आहे. मात्र संताने भांडले तर अभंग होतो आणि त्याच्या बायकोने भांडले तर कटकट, या फरकावर देशमुखांनी बोट ठेवले आहे. त्यांनी आवलीच्या बोलण्याला अभंगाच्या शेजारी बसवले आणि दोन्हींना एकाच सुरात ऐकायला लावले.

येथे नाटकाच्या शीर्षकाआधी लावलेल्या ‘संगीत’ या शब्दाकडे वळायला हवे. १८८० साली पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ झाले तेव्हापासून हा शब्द आपल्याकडे एका विशिष्ट प्रकारच्या प्रयोगाची हमी देत आला: नांदी, पदे, ताना, आणि पुन्हा पुन्हा मागितले जाणारे ‘वन्स मोअर’. त्या परंपरेच्या वैभवाच्या काळात बायकांच्या भूमिका पुरुष करीत आणि त्या गाण्यांतली नायिका बहुधा राजघराण्यातली किंवा पुराणातली असे. ‘देवबाभळी’त रंगमंचावर दोनच पात्रे आहेत, दोन्ही बायका आहेत, दोघी स्वतः गातात, आणि गाणाऱ्या बाईच्या हातात त्याच वेळी काम असते. गाणे सुरू झाले म्हणून नाटक थांबत नाही. तुकोबांचे अभंग आणि नाटककाराने स्वतः लिहिलेली पदे एकमेकांत अशी विणली आहेत, की एखादे पद संपल्यावर ते बोलण्यातून कधी उगवले हे मागे वळून शोधावे लागते. आनंद ओक यांच्या संगीतात जुन्या नाट्यपदांचे अनुकरण नाही. त्यात ओवीचा कल आहे, भजनाची लय आहे, आणि शास्त्रीय गायकीला वाव द्यायचा तेथे तो मोकळेपणाने दिलेला आहे, पण आवाज दाखवण्यासाठी थांबलेले गाणे मला आढळले नाही. संगीत नाटकाचे पुनरुज्जीवन करायचे म्हणून जुनी नाटके कातरून पुन्हा सादर करण्याचे प्रयत्न अधूनमधून होतात. त्यांपेक्षा हा मार्ग मला कितीतरी जिवंत वाटला, कारण येथे गाण्याची गरज कथेलाच पडली आहे: ज्या घराचा पुरुष अभंग रचतो त्या घरात शब्दाला सूर लागणारच.

शुभांगी सदावर्ते यांची आवली पायाने बोलते, असे म्हणावेसे वाटते. जखमी पाय टेकवण्याची, उचलण्याची, कामाच्या घाईत त्याचा विसर पडून मग कळ आल्यावर थबकण्याची त्यांची रीत इतकी सुसंगत आहे, की दुसऱ्या अंकात तो पाय किती बरा झाला हे संवादाशिवाय कळते. रागाच्या भरात त्यांचा आवाज वर चढतो, पण कर्कश होत नाही, आणि गाताना तोच आवाज पोटातून येतो. मानसी जोशी यांचे काम अधिक अवघड आहे, आणि पहिल्यांदा पाहताना त्याचे मोल पुरते लक्षात येत नाही. देवी आहे पण देवीपण दाखवायचे नाही. राग आहे पण ज्याच्यावर आहे त्याचे नाव घ्यायचे नाही. समोरची बाई नवऱ्याला शिव्या देत असताना नुसते ऐकायचे. त्यांच्या चालण्यात एक सरळपणा आहे, कमरेवर हात ठेवून उभे राहण्याच्या एखाद्या ढंगातून पंढरीची मूर्ती क्षणभर दिसून जाते आणि लगेच तीच बाई पाण्याचे भांडे उचलते. दोघींच्या आवाजांची जातही वेगळी आहे, त्यामुळे एकत्र गातानाही कोणाचे दुःख कोणते हे वेगळे ऐकू येते. अनेक प्रयोग झाल्यावरही दोघींमध्ये यांत्रिकपणा आलेला नव्हता. उलट एकमेकींची थांबण्याची जागा इतकी ओळखीची झाली होती, की दोन वाक्यांमधली शांतता आता त्यांच्या अभिनयाचाच भाग वाटत होती.

प्रदीप मुळ्ये यांच्या नेपथ्यात घर आणि इंद्रायणीचा काठ शेजारी नांदतात. चूल आणि नदी यांच्यामधले अंतर चार पावलांचे राहते आणि त्या चार पावलांत आवलीचे जग मावते. वास्तवाचा तपशील हवा तेवढाच आहे. बाकीचे काम प्रफुल्ल दीक्षित यांच्या प्रकाशाने केले आहे. पहाट, दुपारचे ऊन आणि रात्रीचे पाणी यांतला फरक डोळ्यांना सुखावतो, पण त्याहून महत्त्वाचे असे, की काळोख पुरेसा ठेवला आहे. दिव्याच्या उजेडात बसलेल्या दोन बायका एकमेकींना दिसतात तेवढ्याच आपल्याला दिसतात.

भाषेविषयी थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे, कारण देशमुखांचे नाटककार म्हणून वेगळेपण भाषेत आहे आणि माझी जी काही तक्रार आहे तीही तेथेच आहे. आवलीची बोली सतराव्या शतकाची हुबेहूब नक्कल नाही, आणि तशी असायलाही नको. ती ग्रामीण आहे, हेलकावे घेणारी आहे, म्हणी आणि शिव्या यांच्या मधल्या प्रदेशात वावरणारी आहे. लखुबाई तिच्यापेक्षा कमी बोलते आणि तिचे वाक्य बहुधा आवलीच्या वाक्याला उत्तर म्हणून येते, पण ते आपल्याच मनाशी चाललेल्या दुसऱ्या संभाषणाचेही उत्तर असते. एका वाक्याला दोन अर्थ देण्याची ही हातोटी पहिल्या अंकात फार सुरेख जमली आहे. आवली नवऱ्याविषयी बोलते, लखुबाई आपल्या नवऱ्याविषयी उत्तर देते, आणि आवलीला वाटते की बोलणे एकाच माणसाविषयी चालले आहे.

दुसऱ्या अंकात मात्र ही भाषा मधूनमधून स्वतःच्या प्रेमात पडते. घरगुती बोलण्यातून उगवणारी वाक्ये हळूहळू सुभाषितांसारखी घडीव होत जातात, दोघींच्या तोंडी सारख्याच वजनाची, सारख्याच तोलाची विधाने येऊ लागतात, आणि प्रेक्षकगृहातून अशा प्रत्येक विधानाला टाळी पडते. मी पाहिलेल्या प्रयोगात एका जागी टाळ्यांमुळे पुढचे, कितीतरी साधे आणि म्हणून अधिक हृदयाला भिडणारे वाक्य कोणालाच ऐकू आले नाही. दोष प्रेक्षकांचा नाही. टाळी घेणारे वाक्य लेखकाने तेथे ठेवले आहे. ज्या नाटककाराला एका बाईच्या गप्प राहण्यातून इतके सांगता येते, त्याने दुसऱ्या अंकात शब्दांवर एवढा भार टाकायला नको होता. एकांकिकेची दोन अंकी करताना जे भरावे लागते त्याची ही खूण असावी, असे माझे मत आहे. मधला काही भाग नवीन काही न घडवता आधीच्याच भावनेभोवती फिरतो आणि गाण्यामुळे तो निभावून जातो.

याहून खोल असा एक आक्षेप आहे, आणि तो मला बरेच दिवस सतावत होता. नाटक दोघींची दुःखे एका तराजूत घालते. परंतु आवलीचे दुःख भुकेचे आहे आणि रुक्मिणीचे उपेक्षेचे. आवलीकडे उद्याच्या पिठाची चिंता आहे. रुक्मिणीला आपल्याला कोणी पाहत नाही याची. दोन्ही दुःखे खरी असली तरी ती सारखी आहेत असे मानायला माझे मन तयार होत नव्हते. देवीच्या रुसव्याला दुष्काळाच्या शेजारी बसवणे हा आवलीवर थोडा अन्यायच नाही का, असे प्रयोगानंतर परतताना वाटत राहिले. पुढे संहिता वाचली तेव्हा या आक्षेपाची धार बरीच कमी झाली, कारण छापील पानावर स्पष्ट दिसले, की बरोबरी नाटककाराने मांडलेली नाही, ती रुक्मिणीला मांडायची होती आणि ती जमत नाही. लखुबाई त्या घरात आपले गाऱ्हाणे घेऊन आली आहे, आणि आवलीसोबत काम करता करता तिला आपले गाऱ्हाणे लहान वाटू लागते, पण नाहीसे होत नाही. हा फार नाजूक बदल आहे. प्रयोगात गाणी, टाळ्या आणि प्रकाश यांच्या ओघात तो निसटतो. वाचताना तो हाताला लागतो. म्हणून ज्यांनी नाटक पाहिले आहे त्यांनीही पुस्तक वाचावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे, आणि ज्यांनी पाहिलेले नाही त्यांनी आधी प्रयोग पाहावा. रंगसूचना वाचताना आवाज आठवले पाहिजेत.

देशमुख नाशिकचे. मुंबई-पुण्याबाहेर वाढलेल्या आणि एकांकिका स्पर्धांच्या मुशीतून आलेल्या पिढीतले ते नाटककार आहेत, आणि स्पर्धेची शिस्त त्यांच्या रचनेत स्पष्ट दिसते: कमी पात्रे, एकच जागा, पहिल्या काही मिनिटांत पकड घेणारी कल्पना. या शिस्तीचे फायदे वर आले आहेत, तोटेही आले आहेत. परंतु स्पर्धेत चमकलेल्या किती एकांकिका पुढे दोन अंकी होऊन व्यावसायिक रंगभूमीवर टिकल्या, हे मोजू गेले तर हाताची बोटे पुरतील, आणि ज्या टिकल्या त्यांतल्या बहुतेकींना ओळखीच्या चेहऱ्यांचा आधार होता. ‘देवबाभळी’च्या आरंभी तसा आधार नव्हता. विषय संतांचा असल्याने भाविक प्रेक्षक येतील हे धरून चालता आले असते, पण हा प्रेक्षक ज्या तऱ्हेने विठ्ठलाला दिलेल्या शिव्या ऐकून घेतो, हसतो आणि मग डोळे पुसतो, ते पाहिल्यावर मराठी प्रेक्षकाविषयीच्या माझ्या काही समजुती बदलल्या. माझ्या शेजारच्या खुर्चीवर तुळशीची माळ घातलेल्या एक आजी होत्या. आवलीने काळ्याला पहिली शिवी दिली तेव्हा त्यांनी कानाला हात लावला, आणि मध्यंतरापूर्वी त्या तिच्या बाजूने मान डोलावत होत्या.

ज्या नाट्यगृहात मी हा प्रयोग पाहिला तेथील ध्वनियंत्रणेने पहिल्या पंधरा मिनिटांत बराच त्रास दिला, आणि गायनावर उभ्या असलेल्या नाटकाला तो त्रास फार महाग पडतो. शक्य असेल तर मधल्या रांगांमधली जागा घ्यावी. फार पुढे बसले तर नेपथ्याचा एकत्रित परिणाम तुटतो आणि फार मागे बसले तर लखुबाईचा चेहरा हरवतो, जो या नाटकात हरवून चालत नाही. मुलांना घेऊन जावे का, असे मला विचारले गेले आहे. ज्या मुलांना तुकोबा आणि विठ्ठल या गोष्टी घरात ऐकून माहीत आहेत त्यांना जरूर न्यावे, कारण आख्यायिका ठाऊक असेल तरच तिच्या पुढे काय घडले याची उत्सुकता लागते.

शीर्षकाबद्दलही लोक विचारतात. देवबाभूळ या नावाचे एक झुडूप आपल्याकडे आहे. त्याला काटे असतात आणि पिवळी, गोंड्यासारखी, सुवासिक फुलेही येतात. नाटककाराच्या मनात तेच झुडूप होते की देव आणि बाभूळ हे दोन शब्द जोडण्यातला अर्थ होता, यावर मी वाद घालणार नाही. मला मात्र प्रयोग पाहताना त्या पिवळ्या फुलांचा वास आठवत राहिला, विशेषतः जेव्हा आवली हसते तेव्हा. ती या नाटकात बऱ्याच वेळा हसते, आणि लखुबाई तिच्याकडून हसायला शिकते.

जखम भरल्यावर लखुबाई जाणार हे आरंभापासून ठरलेले असते. आवली गरोदर आहे, आणि नाटक तिला त्याच अवस्थेत आपल्या हवाली करून थांबते. प्रेक्षकगृहात दिवे लागले तेव्हा मला इतिहासातला नारायण आठवला, तुकोबांच्या प्रयाणानंतर जन्मलेला आवलीचा मुलगा. बापाला कधीही न पाहिलेल्या याच नारायण महाराजांनी १६८५च्या सुमारास तुकोबांच्या पादुका पालखीत ठेवून देहूहून पंढरपूरला नेण्याची प्रथा सुरू केली असे परंपरा मानते. ज्या वाटेवरून ती पालखी आजही जाते, त्या वाटेच्या एका टोकाला आवलीचे घर आहे आणि दुसऱ्या टोकाला रुक्मिणीचे वेगळे देऊळ.